फौजी घरात मूल वाढवताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या आई-बाबांसाठी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यात फौजेत कुणीच नाही असं मराठी गाव शोधावं लागेल. तरीही नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलीला, किंवा पहिलं बाळ झालेल्या जवानाला, पुढचं नीट कुणी सांगत नाही. सासूबाई त्यांच्या काळचं सांगतात, की पत्र यायचं, मनीऑर्डर यायची आणि पोरं आपली वाढायची. शेजारची वहिनी तिला आलेला अनुभव सांगते, पण तिचा नवरा मराठा पलटणीतला आणि तुमचा सिग्नलमधला, म्हणजे निम्म्या गोष्टी वेगळ्या.

मी तोफखान्यातल्या हवालदाराची मुलगी. थोडी गावात वाढले, थोडी क्वार्टरमध्ये. आता बेळगावातच असते, आणि गल्लीतल्या, नात्यातल्या फौजी घरांचे फॉर्म भरणं, शाळेत जाऊन बोलणं ही कामं माझ्याकडं येतात. त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगते.

आधी एक मुद्दा. फौजी घरातल्या मुलाचं घर, शाळा, मित्र, कानावर पडणारी भाषा हे सगळं दर दोन-तीन वर्षांनी हलतं. ते थांबवणं आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी मुळीच हलू द्यायच्या नाहीत, आणि त्या कोणत्या हे मूल लहान असतानाच घरात ठरवायचं. माझ्या मते त्या चार आहेत: कागदावरचं नाव, मराठी, गावाशी असलेला संबंध आणि नववी ते बारावीचं ठिकाण. बाकी सगळं बदललं तरी निभावतं.

१. बाळाचं नाव आणि कागद

जन्म झाल्यापासून २१ दिवसांच्या आत नोंद करा, त्याला पैसे पडत नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंद तेच पाठवतात, पण दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करून वर्षभराच्या आत नाव घालता येतं, तेही विनाशुल्क. बारशाची वाट बघत नोंद लांबवू नका.

आता फौजेची बाजू. बाळाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली पाहिजे. ही ऑर्डर बाबाच्या युनिटमधून निघते आणि रेकॉर्ड ऑफिसला जाते, तेव्हा कुठं तुमचं मूल फौजेच्या लेखी अस्तित्वात येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) सिकंदराबादला. डिपेंडंट कार्ड, शिक्षणभत्ता, पुढं ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना), सगळ्याचं मूळ या एका ऑर्डरमध्ये आहे. बाबा सुट्टी संपवून निघताना जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत त्याच्या बॅगेत घाला. महिन्याभरानं फोनवर एकच प्रश्न विचारा: "अहो, ऑर्डर निघाली का? नंबर काय?" तो नंबर डायरीत लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ नावाच्या स्पेलिंगचा होतो. आपल्याकडं जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो, आधार आणखी कुणी भरलेलं असतं, आणि युनिटमधला क्लार्क हरियाणाचा किंवा तमिळनाडूचा असतो. लक्ष्मण हे नाव दाखल्यावर 'एक्स' घालून, आधारवर 'केएसएच' घालून, आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं मी पाहिलं आहे. आडनाव आधी की शेवटी, वडिलांचं पूर्ण नाव की नुसतं आद्याक्षर, यातही हेच. मूल पहिलीत असताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. दहावीच्या मार्कशीटवर नाव छापलं गेलं की मात्र दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, पुन्हा पार्ट टू ऑर्डर असा फेरा लागतो. म्हणून एका कागदावर मुलाचं, आईचं आणि बाबाचं पूर्ण नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा, फोटो काढा आणि दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. जिथं फॉर्म भराल तिथं त्या फोटोत बघून भरा. आईचं नावही तितकंच महत्त्वाचं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तीही पार्ट टू ऑर्डर झालेली असली पाहिजे.

२. राहायचं कुठं

तीन पर्याय असतात. गावी सासरी, बाबाच्या स्टेशनवर क्वार्टरमध्ये, किंवा बेळगाव-निपाणीत खोली घेऊन. बाबाची पोस्टिंग फिल्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, असेल तेव्हा दुसरा पर्याय आपोआप बाद होतो. काही स्टेशनांवर फिल्डला गेलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी एसएफ, म्हणजे सेपरेटेड फॅमिली क्वार्टर असतात, त्यासाठी अर्ज युनिटमार्फत करावा लागतो आणि वेटिंग असतं.

माझं मत स्पष्ट आहे. मूल पाचवीच्या आत असेल आणि फॅमिली स्टेशन मिळत असेल तर बाबासोबत जा. क्वार्टर मिळायला वेळ लागला तर बाहेर भाड्यानं राहा, पण जा. या वयात शाळेचं नुकसान भरून निघतं, बाबाबरोबर राहायला मिळालेली दोन-तीन वर्षं पुन्हा मिळत नाहीत. गावी शेत आहे, म्हातारे आई-वडील आहेत, म्हशी आहेत, हे सगळं मला माहीत आहे. "पोराला तिकडं कुठं नेतीस, हितं सोन्यासारखं हाय की" असं आज्जी म्हणणारच. तिच्याशी भांडू नका, आणि सुट्टीचे दिवस तिचे, हे तिला आधीच सांगून ठेवा आणि पाळा.

सहावी ते आठवी हा मधला काळ आहे, परिस्थिती बघून ठरवा. नववीपासून मात्र मुलाला एका जागी ठेवा. बाबाची बदली कुठंही होवो, नववी ते बारावी शाळा आणि बोर्ड बदलू नका. याचं कारण पुढं प्रवेशांच्या भागात येईल.

३. शाळा

फौजी घराला सोयीची शाळा म्हणजे केंद्रीय विद्यालय, अर्थात केव्ही. अभ्यासक्रम देशभर एक, आणि बाबाची बदली झाली की एका केव्हीतून दुसऱ्या केव्हीत वर्षाच्या मध्यातही प्रवेश होतो. प्रवेशाच्या यादीत बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांची आणि माजी सैनिकांची मुलं पहिल्या गटात येतात. गेल्या सात वर्षांत बाबाच्या किती बदल्या झाल्या याचा दाखला युनिटकडून आणावा लागतो, तो जानेवारी-फेब्रुवारीतच मागून ठेवा. पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. केव्हीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि आपल्याकडच्या कर्नाटक बोर्डाच्या शाळा मे महिन्याच्या अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला. गावच्या मराठी शाळेतून केव्हीत जायचं असेल तर एप्रिलमध्येच हालचाल करावी लागते, जूनमध्ये उठून गेलात तर तिथं दीड-दोन महिन्यांचा अभ्यास पुढं गेलेला असतो.

कर्नाटकातल्या शाळेतून दुसऱ्या राज्यात जाताना टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, गट शिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा. तिकडची शाळा मागेल की नाही याची वाट बघू नका. पठाणकोटहून खानापूरच्या बीईओ ऑफिसात एका सहीसाठी कुणी येत नाही. टीसीवर मुलाचा पेन नंबर, म्हणजे यूडायसचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, आहे का तेही बघा, आणि जुन्या शाळेनं मुलाला ऑनलाइन यादीतून मोकळं केलं का ते विचारा. ते केलं नसेल तर नवी शाळा नाव घेऊ शकत नाही.

गावातल्या मराठी शाळेत पहिली-दुसरी काढणं वाईट मुळीच नाही. वाचन-लेखनाचा पाया मातृभाषेत घट्ट होतो. पण त्या शाळेतून हिंदी-इंग्रजी वर्गात जाणारं मूल पहिले तीन-चार महिने गप्प बसतं. त्याला उत्तर येत असतं, ते सांगायचं कसं हे येत नसतं. वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी भेटून सांगा की हा मराठी शाळेतून आला आहे. घरी हिंदीचा मारा करू नका, हिंदी कॉलनीतल्या मैदानावर आपोआप येते.

निवासी शाळांबद्दल. बेळगावातलं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल देशातल्या पाच मिलिटरी स्कूलांपैकी एक. तिथं सहावी आणि नववीला प्रवेशपरीक्षा असते, सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ लागतं, आणि जवान व जेसीओंच्या (सुभेदार वगैरे) मुलांसाठी बहुतांश जागा राखीव असतात. आता मुलींनाही प्रवेश आहे. सैनिक स्कूल विजयपूरला आहे, मुलींसाठी कित्तूरला निवासी सैनिक शाळा आहे. सैनिक स्कूलची सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते, नववीची इंग्रजीतच. चौथीत असताना फौजी घरात या परीक्षांची चर्चा सुरू होते. माझी विनंती एवढीच, की बाबा फिल्डला चालला आहे म्हणून सोय व्हावी, एवढ्याचसाठी मुलाला वसतिगृहात घालू नका. बाबा गेला त्याच महिन्यात आईपासूनही लांब जाणं दहा वर्षांच्या पोराला फार जड जातं. मुलाला स्वतःला तिकडची ओढ असेल, तो शाळा बघून आला असेल, तर आनंदानं पाठवा.

शिक्षणभत्ता मागायचा राहू देऊ नका. पहिल्या दोन मुलांसाठी, पहिलीच्या आधीच्या वर्गांपासून बारावीपर्यंत मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो महिन्याला २,८१२.५० रुपये आहे, वसतिगृहासाठी ८,४३७.५० रुपये, मात्र वसतिगृह राहत्या घरापासून ५० किलोमीटरच्या पुढं असावं लागतं. दिव्यांग मुलाला शिक्षणभत्ता दुप्पट. वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांच्या दाखल्यावर एकदाच दावा करायचा असतो, म्हणून निकालाच्या दिवशीच तो दाखला घेऊन बाबाला पाठवा.

४. मराठी, कन्नड आणि बाकीच्या

बाबा मराठा पलटणीत असेल तर कॉलनीतही मराठी कानावर पडते. गणपती बसतो, शिवजयंती होते, मुलांना आपण परक्या मुलखात आहोत असं वाटत नाही. सिग्नल, ईएमई, एएससी (रसद पुरवणारा विभाग), तोफखान्यात तसं नसतं. वरच्या मजल्यावर बिहारचं कुटुंब, समोर केरळचं. ही श्रीमंतीच आहे, मुलं पुट्टू खातात आणि छठचा ठेकुआही. पण दोन वर्षांत मूल आईलाही हिंदीतून उत्तर द्यायला लागतं. तिथं आईनं ठाम राहायचं. रागवायचं नाही, मुलानं हिंदीत विचारलं तरी आपण मराठीतच बोलत राहायचं.

बोलणं टिकतं, वाचणं सुटतं. केव्हीत मराठी विषय नसतो, त्यामुळं वाचन घरी शिकवावं लागतं. गावी आलात की बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं घेऊन जा, निपाणीहून कागल-कोल्हापूर लांब नाही. रोज एक पान मोठ्यानं वाचायचं. आणि महिन्यातून एकदा आज्जी-आजोबांना हातानं पत्र. पोस्टात टाकायचं, फोटो काढून पाठवायचं नाही. आजोबा ते देव्हाऱ्यात ठेवतात, चार जणांना वाचून दाखवतात, आणि सुट्टीत आल्यावर मुलाला ते दिसतं.

कन्नडचा विचार बहुतेक मराठी घरं टाळतात, आणि नेमकी तिथंच पुढं अडचण होते. परत बेळगावात येऊन इथल्या शाळेत घालायचं असेल तर कन्नड एक भाषा म्हणून असतेच. राज्याच्या २०१५ च्या कायद्यानं ती सगळ्या शाळांत टप्प्याटप्प्यानं आणली आहे. आठवीत परत आलेल्या मुलाला बाराखडीपासून सुरुवात करणं लाजिरवाणं वाटतं, त्याच्या शेजारचा मुलगा पहिलीपासून शिकलेला असतो. म्हणून बाहेर असतानाच उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडं-थोडं सुरू करा. शेजारच्या काकूंशी दोन वाक्यं, बसची पाटी वाचणं, किराणा दुकानात हिशोब. आपल्या भागातल्या कितीतरी आज्ज्यांना कन्नड बोलता येतं, त्यांच्याकडून शिकलेलं मूल विसरत नाही. मराठीवर प्रेम असणं आणि कन्नड येणं यात काही विरोध नाही. इथं राहणाऱ्या मुलाला दोन्ही हवं.

५. बाबा फिल्डला असताना

जाण्याआधी मुलाला बाबानंच सांगायचं. झोपेत असताना निघून जायचं नाही. "रडेल म्हणून" पहाटे गुपचूप निघणारे बाप मी पुष्कळ पाहिले. ते मूल नंतर महिनाभर रात्री उठून बाबाची जागा चाचपतं. रडू द्या. निरोप घेऊन रडलेलं मूल दोन दिवसांत खेळायला लागतं.

कधी येणार हे विचारल्यावर तारीख देऊ नका. फौजेत सुट्टीची तारीख हलते, आणि पुढं गेलेली तारीख मुलाला खोट्या शब्दासारखी लागते. "गणपतीच्या आसपास, नाहीतर दिवाळीला" एवढं पुरे.

फोनची वेळ बाबाच्या नेटवर्कवर असते, तुमच्या हातात नाही. रोज सात वाजता फोन येईल असं मुलाला सांगू नका. फोन आला की आधी मुलाकडं द्या, घरातले हिशोब नंतर. आणि मुलाला "बोल की, बोल की" म्हणून ढकलू नका. लहान मुलांना फोनवर बोलायला सुचत नाही. बाबानं विचारावं, "आज डब्यात काय होतं?" आणि पुढच्या फोनवर त्याच धाग्यानं पुढं जावं. बारकं बारकं लक्षात ठेवणारा बाबा मुलाला जवळचा वाटतो. पत्र लिहायचं असेल तर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओचा (फौजेच्या टपाल कार्यालयाचा) पत्ता मुलाला स्वतः लिहू द्या.

"थांब, पप्पा येऊ देत, मग बघते तुला" हे वाक्य घरात बंद करा. वर्षातून दोनदा येणारा माणूस आल्याआल्या शिक्षा देणारा होऊ नये.

एक नियम मुलाला पाच-सहा वर्षांचं झाल्यापासून शिकवा. बाबाचं युनिट, ठिकाण, कधी निघाला, कधी पोचणार, हे बाहेर सांगायचं नाही. कुणी विचारलं तर "पप्पा मिलिटरीत आहेत" एवढंच. रिक्षावाले काका असोत की शाळेतला मित्र. वर्दीतला फोटो, युनिटच्या फाटकाचा फोटो स्टेटसला नाही. आईनंही नाही, मामानंही नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या घरांत टीव्ही दिवसभर चालू होता आणि पोरं जेवत नव्हती. अशा वेळी टीव्ही बंद ठेवा, बातमी मोठ्यांनी एकदा मोबाइलवर वाचा. मुलाला खोटं सांगू नका. "सीमेवर गडबड आहे, पप्पांचं काम तेच आहे, फोन दोन दिवस लागणार नाही" असं साध्या आवाजात सांगितलेलं ते पेलतं. आईचा चेहरा ते टीव्हीपेक्षा जास्त वाचतं, म्हणून तुम्हालाही कुणाशी तरी बोलता आलं पाहिजे. पलटणीतल्या दुसऱ्या दोन वहिनींचे नंबर जवळ असू द्या.

६. बाबा सुट्टीवर येतो तेव्हा

यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण बाबा नसण्याची तयारी सगळे करतात, असण्याची कुणी करत नाही.

जवानाला वर्षात ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची सीएल, म्हणजे किरकोळ रजा असते, सगळी एकदम क्वचितच मिळते. गोवा एक्सप्रेसनं दोन रात्री काढून तो बेळगावात उतरतो. घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच चित्र असतं, की पोर धावत येऊन गळ्यात पडेल. आणि दोन वर्षांचं पोर आईच्या पदरामागं जाऊन उभं राहतं. "ह्यो कोण?" असं विचारतं. सगळे हसतात. बाबाही हसतो, पण त्याला ते लागतं.

बाबांना सांगणं: पहिल्या दिवशी उचलून घेऊ नका. जमिनीवर बसा. बॅगेतून काहीतरी काढत राहा, खेळणंच पाहिजे असं नाही, मेसटिन (जेवणाचा डबा), पाण्याची बाटली, बुटाची लेस. मूल स्वतःहून जवळ येतं, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. रात्री ते आईजवळच झोपणार, तिथून त्याला हलवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एक काम पूर्णपणे तुमचं करा. आंघोळ घालणं किंवा शाळेत सोडणं. रोज तेच, त्याच वेळी.

घरातली शिस्त पहिल्या आठवड्यात बदलू नका. चादरीच्या घड्या, पहाटे पाचला उठणं, बुटांची रांग हे बराकीतलं आहे आणि तिथं ते योग्यच आहे. पण तुम्ही नसताना या घरानं आपली घडी बसवलेली असते. दहा वर्षांची मुलगी गॅस सिलिंडर बुक करते, आज्जीची औषधं वेळेवर देते. तिला येताच "हे असं नाही, तसं" म्हणाल तर ती मागं सरते. आधी बघा, विचारा, "तू कसं करतेस, मला दाखव."

आईंना सांगणं: सुट्टीचे सगळे दिवस लग्नं, बारशी, जत्रा आणि शेताच्या कामात वाटून टाकू नका. पाहुणे येणारच, गावच तसं आहे. तरी आठवड्यातला एक दिवस फक्त घरच्यांचा असं आधीच ठरवा. कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाला जा, बागेत बसा, खडेबाजारात हिंडा. बाबा मराठा पलटणीतला असेल तर ४ फेब्रुवारीचं महत्त्व मुलाला त्याच्याच तोंडून कळू द्या. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये सिंहगड घेतला तो दिवस रेजिमेंट आपला दिवस म्हणून पाळते. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट आणि बाबाचं काम यांचा संबंध लागला की मुलाची मान ताठ होते.

परतीच्या आधीचे दोन दिवस मुलं चिडचिडी होतात, विनाकारण भांडतात. तो राग बाबा जाणार याचा असतो. त्या दोन दिवसांत मार्क, अभ्यास, शिक्षा काहीही काढू नका.

७. बदली

मूव्ह ऑर्डर, म्हणजे बदलीचा हुकूम, निघाली की मुलाला त्याच आठवड्यात सांगा. कॉलनीत बातमी आधी पसरते, आणि मित्राकडून कळलं तर मुलाला वाईट वाटतं.

घरातल्या काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगानं बाबाचा नंबर, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं. मुलासाठी एक छोटी वेगळी पेटी करा आणि तिच्यावर त्याचं नाव त्यालाच रंगवू द्या. ब्रश हातात धरून ते जीभ बाहेर काढून अक्षरं काढतं, रंग ओघळतो, ओघळू द्या. आत काय ठेवायचं ते त्याचं ते ठरवेल. तुटकी गाडी, दगड, मित्रानं दिलेली पेन्सिल. "हे काय कचरा" म्हणायचं नाही. ही पेटी नव्या घरी सगळ्यात आधी उघडायची, भांड्यांच्या आधी. जुन्या मित्राच्या आईचा फोन नंबर घ्या, आणि नव्या जागी पहिल्या महिन्यात एकदा तरी फोन लावून द्या.

कागदांची फाइल मात्र सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीत. टीसी, जन्मदाखला, लसीकरण कार्ड, मार्कशीट, डिपेंडंट कार्ड.

८. नववीपासून पुढं

आता वर राहिलेलं कारण. कर्नाटकातल्या सीईटीतून अभियांत्रिकी किंवा इतर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर पात्रतेसाठी साधारण सात वर्षांचं शिक्षण कर्नाटकात झालेलं लागतं. सैनिकांच्या मुलांसाठी वेगळी कलमं आहेत. भरती होताना बाबानं होम टाऊन म्हणून कर्नाटकातलं गाव नोंदवलं असेल तर बाहेर शिकलेल्या मुलालाही संधी मिळते. म्हणून बाबाच्या कागदावर होम टाऊन काय आहे हे आजच विचारून ठेवा. आपल्याकडचे काही जण चंदगड-गडहिंग्लजच्या नातेवाइकांच्या पत्त्यावरून भरती झालेले असतात.

महाराष्ट्राच्या प्रवेशांत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय आहे, पण ती इथल्याच शाळा-कॉलेजातून शिकलेल्यांसाठी आहे. दहावी राजस्थानात आणि बारावी आसामात झाली तर दोन्हीकडची दारं किलकिली होतात. नववी ते बारावी एका जागी ठेवा असं मी सांगते ते यामुळं, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मित्र तोडणं लहानपणापेक्षा कितीतरी अवघड जातं, यामुळंही.

९. बाबा पेन्शन येतो तेव्हा

शिपाई-नाईक दर्जाचा जवान चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, म्हणजे नेमकं मूल आठवी-दहावीत असताना. निवृत्तीआधी सहा महिने मुलांची सगळी नावं, जन्मतारखा रेकॉर्डशी ताडून बघा. ईसीएचएस कार्डासाठी अर्ज करा, मुलाला ते २५ वर्षांपर्यंत चालतं, मुलीला लग्न किंवा नोकरी होईपर्यंत. बेळगावातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. माजी सैनिकांच्या मुलांना व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती असते, मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. बारावीला किमान ६० टक्के लागतात आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो.

घरात मात्र पहिलं वर्ष सांभाळून घ्या. इतकी वर्षं पाहुण्यासारखा आलेला माणूस आता रोज सकाळी चहाला समोर आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला त्याची सवय नाही. बाबाला लगेच सिक्युरिटीच्या नोकरीत ढकलू नका, जमत असेल तर दोन-तीन महिने घरी राहू द्या. शाळेची पालकसभा आता त्याची. पहिल्या सभेला त्याला एकट्याला पाठवा. वर्ग कुठल्या मजल्यावर, बाई कोण, कोणत्या विषयात मागं आहे, हे त्यानं मुलालाच विचारून जावं.